पणजोबांच्या छापखान्याचा गाळा: जुन्या इमारतीचा माग कसा काढायचा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. पणजोबांचा छापखाना गिरगावात, विठ्ठलभाई पटेल रोडलगतच्या एका इमारतीत तळमजल्यावर होता. आता त्या गाळ्यात मोबाइल दुरुस्तीचे दुकान आहे. इमारत पुनर्विकासाला निघाली असून दोन-तीन महिन्यांत रिकामी होईल. तुमच्याकडे छापखान्याचे एक बिल आहे, एक फोटो आहे आणि ऐंशी ओलांडलेली आत्या आहे. इमारत कधीची, मूळ मालक कोण, छापखान्याच्या आधी आणि नंतर तिथे काय होते, हे कसे शोधायचे?

मुंबईतल्या जुन्या इमारतींच्या नोंदी करण्याचे काम मी पंचवीसेक वर्षे करतो आहे. बहुतेक लोक सुरुवात सरकारी कार्यालयापासून करतात. तुम्ही तसे करू नका, आधी इमारतीत जा. सिटी सर्व्हेचे कागद पुढच्या वर्षीही तिथेच असतील, इमारत मात्र नसेल. फोर्टमधल्या एका इमारतीत मालकांच्या कचेरीच्या पोटमाळ्यावर मी भाड्याच्या जुन्या वह्या पाहिल्या होत्या, लाल कापडी पुठ्ठ्याच्या, साधारण साठ वर्षांच्या. दिवाळीनंतर येऊन सगळ्यांचे फोटो काढतो म्हणालो. दिवाळीनंतर गेलो तेव्हा रंगकामासाठी माळा रिकामा केला होता आणि वह्या रद्दीत गेल्या होत्या. त्या इमारतीचा १९३० ते १९६० हा काळ मला आजही नीट जुळवता आलेला नाही. म्हणून एवढ्या आग्रहाने सांगतो.

जाताना चांगला टॉर्च, मोजपट्टी आणि मोबाइल घ्या, आणि शक्यतो संध्याकाळी जा. आजच्या फ्लेक्सच्या मागे बहुधा जुनी पत्र्याची पाटी असते, तिच्यामागे लाकडी फळी, आणि फळीमागे गिलाव्यात उठवलेली किंवा रंगवलेली अक्षरे. समोरून उजेड टाकला तर काही दिसत नाही. टॉर्च भिंतीला जवळजवळ टेकवून बाजूने मारा. रंगाचे चार हात बसलेले असले तरी खालच्या अक्षरांच्या कडा सावली धरतात. दुकानदाराला आधी स्पष्ट सांगा की तुम्ही बिल्डरकडून आलेले नाही. पुनर्विकासाच्या इमारतीत कोणी भिंती मोजायला लागले की लोक धास्तावतात, आणि त्यांचे धास्तावणे योग्यच असते. पणजोबांचा फोटो दाखवा, मग बहुतेक जण स्वतःच स्टूल आणून देतात.

छापखाना जमिनीवर खुणा सोडून जातो. ट्रेडल मशीन, म्हणजे पायाने चालवायचे छपाईचे यंत्र, जड असते. त्याच्या पायांसाठी लादी फोडून बोल्ट बसवलेले असतात, नाहीतर खाली काँक्रीटचा बुटका ओटा असतो. मशीन गेले तरी लादीत चार ठिगळे राहतात. खिळ्यांच्या, म्हणजे छपाईच्या शिशाच्या सुट्या अक्षरांच्या, केसेस उजेडासाठी खिडकीशी लावत आणि ते खिळे जुळवणारे जुळारी तिथे उभे राहून काम करत, म्हणून खिडकीजवळची लादी जास्त झिजलेली आहे का ते पाहा. फरशीच्या फटींत आणि जिन्याखालच्या कोपऱ्यात शिशाचे खिळे हमखास सापडतात. एखादा सापडला तर फेकू नका. त्याच्या मापावरून आणि अक्षराच्या वळणावरून तो कोणत्या फाउंड्रीचा, म्हणजे खिळे ओतणाऱ्या कारखान्याचा, याचा अंदाज जाणकार देऊ शकतात.

तिथेच छताकडेही बघा. सागवानी तुळया आहेत की लोखंडी गर्डर? गर्डर असेल तर त्याच्या पोटावर कारखान्याचे नाव उठवलेले असते. मुंबईत ‘डॉर्मन लाँग, मिडल्सब्रो’ असा इंग्लंडचा शिक्का पुष्कळ दिसतो. टाटांचा शिक्का असेल तर ते लोखंड १९१२ च्या आधीचे असू शकत नाही, कारण जमशेदपूरला पोलाद तेव्हापासून निघू लागले. फरशीचेही तसेच. सुटलेली लादी उलटून पाहा. भारत फ्लोअरिंग्जची लादी असेल तर ती १९२२ नंतरची. पण फरशी बदलता येते, तुळई सहसा बदलत नाहीत. म्हणून लादीवरून इमारतीचे वय ठरवू नका, लादीवरून फक्त लादीचे वय ठरते.

दारावर साल कोरलेले असेल तर एक चूक टाळा. ती मी स्वतः केलेली आहे. काळबादेवीकडच्या एका इमारतीच्या कमानीवर दगडात १९६४ असे आकडे होते. सगळे भाडेकरू इमारत १९६४ ची समजत, आणि मीही पहिल्या भेटीत वहीत तसेच लिहून घेतले. आतला जिना आणि तुळया मात्र त्या सालाशी जुळेनात. पुन्हा जाऊन आकड्यांवरचा चुना ओल्या ब्रशने काढला तेव्हा आधी ‘सं.’ हे अक्षर दिसले. ते विक्रम संवताचे साल होते, म्हणजे १९०७-०८. मुंबईत मालक गुजराती असेल तर संवत, मराठी असेल तर शक, पारशी असेल तर यज्दगर्दी सन, अशी सगळी साले दारांवर सापडतात. संवतातून ५६ किंवा ५७ वजा करा, शकात ७८ मिळवा, यज्दगर्दी सनात ६३० मिळवा. शके १८३० आणि यज्दगर्दी १२७८ ही दोन्ही १९०८ चीच साले.

आता तुमचे बिल. तुम्ही पाठवलेला फोटो मोठा करून पाहिला. त्यावर तारखेच्या जागी ‘१९४’ एवढे छापलेले आहे आणि शेवटचा आकडा हाताने लिहायला जागा सोडलेली आहे. तिथे छापील ४ खोडून वर ‘५२’ लिहिले आहे. म्हणजे बिलबुक चाळीसच्या दशकात छापले आणि १९५२ पर्यंत पुरवून पुरवून वापरले. स्वतःचा छापखाना असूनही पणजोबांनी जुनी बिले वाया घालवली नाहीत. रकमेच्या रकान्यात रुपये, आणे, पै असे तीन भाग आहेत. दशमान नाणी १ एप्रिल १९५७ ला आली, त्यामुळे हा रकाना तारखेशी जुळतो. पुढे कधी ‘न. पै.’ असा रकाना असलेले बिल मिळाले तर ते १९५७ ते १९६४ मधले समजा, कारण १९६४ साली ‘नया’ शब्द गेला आणि नुसता पैसा राहिला. पत्त्यात ‘मुंबई नं. ४’ आहे. पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ पासून आला, आणि मगच त्या चाराचे ४००००४ झाले. रस्त्याचे नाव मात्र ‘गिरगाव बॅक रोड’ छापलेले आहे. हे विठ्ठलभाई पटेल रोडचे जुने नाव. रस्त्याच्या नावावरून साल काढताना जपून राहा, कारण लोक पाटी बदलल्यावरही वर्षानुवर्षे जुनेच नाव छापत राहतात. लॅमिंग्टन रोडला डॉ. भडकमकर मार्ग म्हणणारे आजही किती भेटतात?

बिलाच्या मागच्या बाजूचा फोटोही काढा. छापखान्याच्या बिलांवर मागे पेन्सिलीने कागदाचा हिशेब असतो, किती रिमे, कोणाचे काम. ती गिऱ्हाइकांची नावे पुढे कामाला येतात.

कारण छापखान्याचा शोध इतर धंद्यांपेक्षा सोपा आहे. १८६७ च्या कायद्याने प्रत्येक छापील पुस्तकावर मुद्रकाचे नाव आणि छपाईचे ठिकाण देणे बंधनकारक झाले. किराणा दुकानाचा पत्ता कुठे नोंदलेला नसतो, पण तुमच्या पणजोबांनी छापलेल्या प्रत्येक पुस्तकावर त्या वर्षीचा त्यांचा पत्ता आहे. तो शीर्षकपानाच्या मागे किंवा शेवटच्या पानाच्या तळाशी असतो. दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात जा. ही संस्था १८९८ ची आहे आणि जुनी मराठी पुस्तके तिथे भरपूर आहेत. छापखान्याच्या नावाने सूची मिळणार नाही. तुमच्या बिलावरची गिऱ्हाइके, म्हणजे लहान प्रकाशक, शाळा, नाटक मंडळ्या, यांच्या नावांनी पुस्तके मागवा आणि मुद्रकाच्या पत्त्याची ओळ वाचत जा. कंटाळवाणे काम आहे, पण दहा पुस्तकांत दहा वर्षांचे दहा पत्ते मिळाले तर छापखाना या गाळ्यात नक्की कधी आला ते हाती लागते.

त्याच कायद्याखाली मुंबई इलाख्यात छापलेल्या पुस्तकांची दर तिमाहीला यादी तयार होई आणि सरकारी गॅझेटात प्रसिद्ध होई. तिच्यात पुस्तकाचे नाव, मुद्रक, ठिकाण, किती प्रती काढल्या, किंमत काय, सगळे असते. काळा घोड्याजवळ एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत पुराभिलेख संचालनालय आहे, तिथे जुन्या गॅझेटांची चौकशी करा. शिवाय छापखाना ठेवणाऱ्याला मॅजिस्ट्रेटपुढे डिक्लरेशन द्यावे लागे. जागा बदलली की नवे डिक्लरेशन. त्याची एखादी प्रत घरच्या ट्रंकेत असू शकते, आत्यांना विचारा.

इथवर झाला धंद्याचा धागा. इमारतीचा धागा वेगळा आहे, आणि सुरुवातीला दोन्ही वेगळेच ठेवा. लोक ते एकत्र करतात आणि ‘आमच्या छापखान्याची इमारत’ म्हणता म्हणता पणजोबांना मालक करून टाकतात. ते भाडेकरू होते की मालक, हे भाडेपावत्या सांगतील. इमारतीतल्या जुन्या बिऱ्हाडांकडे पावत्यांची पुडकी असतात, कारण पागडीच्या खोलीत पावती हाच आधार. वेगवेगळ्या वर्षांच्या पावत्या ओळीने मांडल्या की वरचे मालकाचे नाव कधी बदलले ते दिसते. आधी एकट्याचे नाव, मग ‘च्या इस्टेटचे एक्झिक्युटर’ (म्हणजे मालक वारल्यावर मृत्युपत्राप्रमाणे मिळकत सांभाळणारे), मग एखादा ट्रस्ट. मालकीचा सगळा इतिहास एका चहाच्या बैठकीत मिळतो. भाडे गोळा करणारे मेहताजी हयात असतील तर त्यांना भेटल्याशिवाय राहू नका.

कागदांत शिरताना नावाच्या नव्हे, नंबराच्या मागे लागा. मुंबईत इमारतीचे नाव मालकाबरोबर बदलते, नंबर मात्र एकमेकांना बांधलेले असतात. जुन्या खरेदीखताच्या शेवटी जे मिळकतीचे वर्णन असते, त्यात एका दमात सगळी शिडी येते: कलेक्टरचा जुना नंबर, कलेक्टरचा नवा नंबर, लाफ्टन सर्व्हे नंबर, न्यू सर्व्हे नंबर, कॅडस्ट्रल सर्व्हे नंबर, आणि पालिकेच्या असेसमेंटचा वॉर्ड नंबर व स्ट्रीट नंबर. वकिलांना हा परिच्छेद रटाळ वाटतो, आमच्यासाठी तोच सगळ्यात मोलाचा. त्यातला प्रत्येक नंबर एकेका काळातल्या एकेका दप्तराकडे नेतो. कर्नल लाफ्टन यांची मोजणी १८६५ ते १८७२ मधली. त्यांच्या नकाशावर तुमच्या जागी घराची रेषा आहे की मोकळी वाडी, हे पाहिले की इमारत बांधल्याच्या काळाची एक बाजू ठरते. त्यानंतरची मोठी मोजणी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकातली. एका नकाशात लांबट कौलारू घर आणि दुसऱ्यात मधे चौक असलेली इमारत दिसली, तर इमारत त्या दोन मोजण्यांच्या मधली.

आजच्या भाडेकरूंना सी. एस. नंबर, म्हणजे वरचा कॅडस्ट्रल सर्व्हे नंबर, माहीत असतो, पुनर्विकासाच्या कागदांवर तो असतोच. तो घेऊन जुन्या कस्टम हाउसमधल्या सिटी सर्व्हेच्या कार्यालयातून गिरगाव डिव्हिजनचे प्रॉपर्टी कार्ड काढा. लोक त्यातले फक्त मालकाचे नाव वाचतात. तुम्ही सत्ताप्रकार, म्हणजे जमीन कोणत्या हक्काने धरलेली आहे तो रकाना, वाचा. तिथे फोरस, टोका, पेन्शन अँड टॅक्स, क्विट अँड ग्राउंड रेंट असे शब्द येतील. हे कंपनी सरकारच्या काळातले, आणि त्याहूनही जुने, जमिनीच्या करांचे प्रकार आहेत. इमारत शंभर वर्षांची असेल, पण त्या एका शब्दावरून तिच्याखालची जमीन कधी आणि कोणत्या अटीवर लागवडीला किंवा वस्तीला दिली गेली, त्याची दिशा मिळते. फोरस रोडचे नाव याच शब्दावरून आले. सत्ताप्रकारात इम्प्रूव्हमेंट ट्रस्टचा भाडेपट्टा दिसला तर गोष्ट वेगळीच. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ साली हा ट्रस्ट झाला, त्याने दाट वस्त्या पाडून रस्ते काढले, आणि १९३३ साली तो पालिकेत विलीन झाला. मग तुमचे कागद पालिकेच्या इस्टेट खात्यात शोधायचे.

फेरफाराच्या नोंदींत दस्ताचे क्रमांक असतात. ते घेऊन निबंधक कार्यालयात सूची दोन, म्हणजे नोंदलेल्या दस्तांची मिळकतवार सूची (इंडेक्स टू), पाहा. मुंबईचे १९८५ नंतरचे दस्त ऑनलाइन शोधता येतात. त्याआधीच्या वह्यांसाठी एखाद्या अनुभवी सर्च क्लार्कला पैसे देणे शहाणपणाचे. जे शोधायला तुम्हाला महिना लागेल ते तो दोन दिवसांत आणतो.

पण गाळ्यात कोण होते, हे यातून कळणार नाही. त्यासाठी पालिकेच्या असेसमेंट खात्यातून इन्स्पेक्शन एक्स्ट्रॅक्ट काढा. या कागदाबद्दल फार थोड्यांना माहीत आहे. मालमत्ता कर आकारण्यासाठी निरीक्षक इमारतीत फिरून मजला, खोली, भाडेकरूचे नाव, वापर आणि भाडे टिपून घेत. पालिका बांधकाम अधिकृत ठरवताना धंद्याच्या जागेसाठी १ एप्रिल १९६२ आणि राहत्या जागेसाठी १७ एप्रिल १९६४ ही सीमारेषा धरते, म्हणून १९६१-६२ चा उतारा लोक पुराव्यासाठी मागतात आणि तो मिळण्याची शक्यता चांगली असते. तुमच्या गाळ्यासमोर ‘प्रेस’ असा शेरा असेल. त्याआधीच्या वर्षांचाही मागा. एका इमारतीच्या उताऱ्यात मला एकाच गाळ्यासमोर तीन वेगवेगळ्या शायांत तीन शेरे मिळाले होते: कोळशाची वखार, त्यावर काट मारून खानावळ, त्यावर काट मारून शिंपी. वीस वर्षे एका बोटाएवढ्या चौकटीत बसली होती. तुमच्या ‘छापखान्याआधी काय’ या प्रश्नाचे उत्तर मिळालेच तर अशा चौकटीत मिळेल.

सेसच्या, म्हणजे जुन्या इमारतींच्या दुरुस्तीसाठी घेतल्या जाणाऱ्या उपकराच्या, बिलावरचा गटही बघून घ्या. ‘अ’ गट म्हणजे १ सप्टेंबर १९४० पूर्वीची इमारत, ‘ब’ म्हणजे १९५० अखेरपर्यंतची, ‘क’ म्हणजे त्यानंतर ३० सप्टेंबर १९६९ पर्यंतची. १९६९ साली सेसची योजना आली तेव्हा अशा १९,६४२ इमारती होत्या. ‘अ’ गटात १९३९ ची इमारतही बसते आणि १८७० चीही, त्यामुळे यावरून वरची मर्यादा कळते, एवढेच.

इमारतीच्या नावावर विसंबू नका म्हणालो त्याची दोन उदाहरणे. काळा घोड्याची एस्प्लनेड मॅन्शन ही मुळात वॉटसन हॉटेल. इंग्लंडमध्ये ओतलेला लोखंडी सांगाडा जहाजाने आणून १८६७ ते १८६९ मध्ये इथे उभारला. ७ जुलै १८९६ ला ल्युमिएर बंधूंचे चलत्‌चित्र मुंबईकरांनी याच हॉटेलात पहिल्यांदा पाहिले. पुढे ती महेंद्र मॅन्शन झाली, मग एस्प्लनेड मॅन्शन, आणि आत वकिलांच्या छोट्या छोट्या कचेऱ्या आल्या. सांगाडा तोच, नावे तीन. तुमच्या गिरगावात नेमके उलटे झाले. १४ मार्च १९३१ ला ‘आलम आरा’ हा पहिला बोलपट ज्या मॅजेस्टिक सिनेमात लागला ते थिएटर पाडले गेले, नाव मात्र त्याच जागेवरच्या शॉपिंग सेंटरला उरले. त्यामुळे ‘आमचे दुकान मॅजेस्टिकसमोर होते’ असे कोणी म्हणाले तर आधी विचारा, कोणत्या मॅजेस्टिकसमोर.

छापखान्यानंतरच्या धंद्यांसाठी गुमास्ता लायसन, म्हणजे दुकानाच्या नोंदणीचा दाखला, उपयोगी. दुकानदाराच्या भिंतीवर ते टांगलेले असते आणि त्यावर धंदा सुरू केल्याचे वर्ष असते. भागीदारीचा धंदा असेल तर निबंधकाकडे भागीदारांची नावे मिळतात. या सगळ्याहून मला आवडणारे साधन म्हणजे गणेशोत्सव मंडळांच्या स्मरणिका. गिरगावातला सार्वजनिक उत्सव १८९३ पासूनचा, केशवजी नाईक चाळीतला. मंडळांच्या सुवर्ण आणि हीरक महोत्सवी स्मरणिकांत गल्लीतल्या प्रत्येक दुकानाने पाव पान जाहिरात दिलेली असते, पत्त्यासह, आणि कधी कधी दुकानाच्या फोटोसह. मंडळाच्या कपाटात त्या असतातच. आणि बघा, त्यांतली एखादी तुमच्याच पणजोबांनी छापलेली असण्याची शक्यता मला खूप वाटते. गल्लीतल्या छापखान्याला गल्लीतले काम मिळतेच.

आत्यांशी बोलाल तेव्हा ‘कोणत्या साली?’ असे विचारू नका. साले कोणाच्या लक्षात राहत नाहीत आणि थोरामोठ्यांना अडखळल्यासारखे वाटते. विचारा, तेव्हा ट्राम होती का? मुंबईची ट्राम मार्च १९६४ अखेरीस बंद झाली. गोदीचा स्फोट झाला तेव्हा छापखाना तिथे होता का, काचा फुटल्या का? ती तारीख १४ एप्रिल १९४४. संयुक्त महाराष्ट्राची पत्रके तुमच्याकडे छापली का? रात्री मशीनचा आवाज वर घरात यायचा का? शाईचा हात कशाने धुवायचे? अशा प्रश्नांतून माणूस बोलू लागतो आणि साले आपोआप जागेवर येतात. आत्यांना शक्य असेल तर त्या गाळ्यात घेऊन जा, खुर्ची टाकून बसवा आणि रेकॉर्डिंग सुरू ठेवा. घरी बसून ‘आठवत नाही’ म्हणणाऱ्या एका आजींनी दुकानात पाऊल टाकल्याबरोबर हात वर करून भिंतीतली एक बंद केलेली खिडकी दाखवली होती. गिलावा ठोकून पाहिला तर तिथे पोकळ आवाज आला.

सांगितलेले आणि सापडलेले जुळणार नाही, तेव्हा दोन्ही लिहून ठेवा. एका वहीत वर्षे उभी मांडा, शेजारी काय कळले आणि कशावरून कळले. आत्या १९३८ म्हणाल्या आणि पुस्तकावरचा पत्ता १९४१ पासून बदललेला दिसला, तर आत्यांना चूक ठरवण्याची घाई करू नका. कदाचित १९३८ साली पणजोबांनी वर खोली घेतली असेल आणि मशीन खाली नंतर आले असेल. असे मला दोन ठिकाणी खरोखर आढळले आहे.

या आठवड्यात एवढे करा: गाळ्याचे फोटो आणि मापे, शेजारच्या भाडेपावत्यांचे फोटो, आणि आत्यांची पहिली बैठक. खरेदीखताची प्रत कोणाकडे मिळाली तर शेवटचे मिळकतीचे वर्णन मला पाठवा, नंबरांची फोड मी करून देईन.